फुकटच्या म्युझिक फेस्टिवलला पहिल्यांदा जाताय? दिवसभर लाईव्ह बँड ऐकायचे तर हे आधी वाचा

मी पहिल्यांदा अशा फेस्टिवलला गेले तेव्हा मला वाटलं होतं की तिकीटच नाहीये म्हणजे तयारी तरी कशाला, उठायचं आणि जायचं. दुपारी तीनला पोचले तर गेटवर ही मोठी रांग, आत शिरेपर्यंत ज्या बँडसाठी आले होते त्यांचं शेवटचं गाणं चालू, मग धावत दुसऱ्या स्टेजकडे तर तिथे नुसती वायरींची जोडाजोडी, परत पहिल्या स्टेजकडे, असं करत करत संध्याकाळपर्यंत पायाचे तुकडे पडले, फोन बंद पडला, मैत्रीण कुठे गेली पत्ता नाही, आणि रात्री घरी आले तेव्हा कानात जी शिट्टी वाजत होती ती पुढचे दोन दिवस थांबली नाही. आणि एवढं करून एकही बँड मी सुरवातीपासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर बऱ्याचदा गेले, प्रत्येक वेळी काहीतरी शिकले, ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. पण एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तिकीट काढून गेलो की डोक्यात सारखं पैसे वसूल करायचं चालू असतं, मोठी नावं चुकवायची नाहीत असं होतं. फुकटच्या फेस्टिवलमध्ये ते दडपण नसतं. म्हणजे ज्या बँडचं नाव पण कधी ऐकलं नाही त्यांच्यासमोर चाळीस मिनिटं निवांत उभं राहता येतं, नाही आवडलं तर काही गेलं नाही, आणि आवडलं तर असा बँड मिळतो जो पुढची कित्येक वर्षं तुमच्या सोबत राहतो. म्हणून कमी बँड ठरवा आणि ते पूर्ण ऐका.

१. "फुकट" म्हणजे नक्की कसलं फुकट ते आधी बघा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. फुकटचे तीन प्रकार असतात.

पहिला म्हणजे खरोखर सगळ्यांना खुलं. रस्त्यावर, बागेत, मैदानात, या आणि ऐका. फ्रान्समध्ये २१ जून १९८२ ला फेत द ला म्युझिक सुरू झालं ते याच प्रकारातलं, त्या दिवशी हौशी आणि व्यावसायिक सगळे रस्त्यावर येऊन वाजवतात आणि ऐकणाऱ्याला एक पैसा पडत नाही, आता जगात शंभराहून जास्त देशांत २१ जूनला हे होतं. आणि फुकट म्हणजे छोटंसंच काहीतरी असेल असं समजू नका. व्हिएन्नात डॅन्यूब नदीतल्या बेटावर डोनाउइन्झेलफेस्ट होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये २००१ पासून हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास होतं, पोलंडमध्ये १९९५ पासून जे सुरू आहे त्याला आता पोल अँड रॉक म्हणतात, हे तिन्ही प्रचंड मोठे फेस्टिवल आहेत आणि तिन्ही फुकट. तिथे अडचण पैशाची नसते, गर्दीची असते.

दुसरा प्रकार म्हणजे फुकट पण नोंदणी करावी लागते. नाव, ईमेल दिलं की क्यूआर कोड येतो. इथे नीट वाचा, कारण नोंदणी म्हणजे प्रवेश नक्की असं बऱ्याच ठिकाणी नसतं, आयोजक जागेपेक्षा जास्त लोकांची नोंदणी घेतात कारण बरेच जण येतच नाहीत हे त्यांना माहीत असतं, मग जागा भरली की गेट बंद आणि तुमचा कोड हातात धरून तुम्ही बाहेर.

तिसरा प्रकार म्हणजे मुख्य फेस्टिवल तिकिटाचा, पण त्याच्या आजूबाजूला दिवसा फुकटचे कार्यक्रम. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९८७ पासून होणारं साउथ बाय साउथवेस्ट याच्यासाठी प्रसिद्ध आहे, मुख्य पास महागडा पण शहरभर बार, दुकानं, अंगणं यांत दिवसा फुकटचे शो चालतात. असे शो वेगवेगळे लोक भरवतात त्यामुळे प्रत्येकाचे नियम वेगळे, वयाची अट वेगळी, नोंदणी वेगळी. प्रत्येकाचं वेगवेगळं तपासा, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

सावध राहायच्या गोष्टी:
- फुकटच्या कार्यक्रमाचं "तिकीट" कोणी विकत असेल तर घेऊ नका. नोंदणी नेहमी आयोजकांच्या स्वतःच्या साईटवरूनच करा.
- फुकट नोंदणीसाठी कार्डाचा नंबर मागितला तर तिथेच थांबा.
- एकदा बाहेर पडलं की परत आत घेतात का, हे आधी वाचून ठेवा. बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि लोक "जरा गाडीत जाऊन येतो" म्हणून बाहेर पडतात ते बाहेरच राहतात.

२. घरी बसून लाईनअप ऐका, पण सगळं नको

लाईनअप, म्हणजे कोण कोण वाजवणार याची यादी, आलं की प्रत्येक बँडचं एक गाणं ऐका, आणि जो जरा बरा वाटला त्याचा एखादा लाईव्ह व्हिडिओ बघा. स्टुडिओत सगळेच चांगले वाटतात, स्टेजवर कोण काय करतंय ते लाईव्हमध्येच कळतं. मग कागदावर तीन खुणा करा: नक्की, जमलं तर, आणि काहीच माहीत नाही.

आता हिशोब करू. समजा दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत कार्यक्रम आहे. छोट्या बँडला साधारण ३० ते ४५ मिनिटांचा सेट, म्हणजे सलग वाजवायची वेळ, मिळतो, शेवटच्या मोठ्या बँडला तासभर किंवा दीड तास. एका स्टेजवर दोन बँडच्या मधे १५ ते ३० मिनिटं सामान बदलण्यात जातात. त्यात एका स्टेजवरून दुसऱ्यावर चालत जायला १० मिनिटं, संडासची रांग, पाण्याची रांग, थोडं बसणं. म्हणजे नऊ तासांत तुम्ही जीव न काढता पाच किंवा सहा बँड पूर्ण ऐकू शकता, बस. कागदावर बारा लिहाल तर बाराचे तुकडे ऐकाल.

त्या पाच-सहामधे निदान दोन "काहीच माहीत नाही" वाले ठेवा, आणि ते दुपारच्या सुरवातीच्या वेळेतले ठेवा. त्या वेळी गर्दी कमी असते, तुम्ही अगदी पुढे उभे राहू शकता, आणि स्टेजवरची माणसं समोरच्या पन्नास जणांसाठी जीव तोडून वाजवत असतात. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आवडते दोन बँड मला अशा भर दुपारच्या सेटमध्ये मिळालेत, एकाच्या समोर तर आम्ही जेमतेम तीस जण होतो.

दोन आवडते एकाच वेळी आले तर काय? जो परत कधी ऐकायला मिळणं अवघड आहे तो निवडा. मोठा बँड परत कुठेतरी येतोच. अर्धा हा अर्धा तो करू नका, कारण चांगला बँड सेट रचताना सुरवात, मधला भाग, शेवट असा विचार करून रचतो, तुम्ही मधेच उठलात तर चढत चढत जिथे न्यायचं होतं तिथे पोचायच्या आत तुम्ही वाटेत असता.

शेवटी वेळापत्रकाचा आणि नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या. ॲप असलं तरी घ्या. गर्दीत नेट चालत नाही.

३. काय न्यायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र, आणि नोंदणी असेल तर क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट
- इअरप्लग, एक जोडी जास्तीची (यावर खाली वेगळं लिहिलंय, हे सोडू नका)
- पाण्याची रिकामी बाटली, भरलेली बऱ्याच गेटवर ओतून टाकायला लावतात, काचेची तर बहुतेक ठिकाणी चालतच नाही, धातूची पण काही ठिकाणी नाही
- पॉवरबँक, आणि त्याची केबल, हो केबल विसरणारे खूप असतात
- टोपी, सनस्क्रीन
- घडी होणारा पातळ रेनकोट. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही आणि बऱ्याच गेटवर काढून घेतात
- थोडी रोख, सुटे असतील तर उत्तम
- रोजची औषधं असतील तर मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी
- रुमाल, टिशू, एक रिकामी पिशवी
- रात्रीसाठी एखादा हलका गरम कपडा, दिवसभर उन्हात असलं तरी मोकळ्या मैदानात रात्री गारठा जाणवतो

बॅग लहानच घ्या. काही ठिकाणी बॅगेच्या मापाचा नियम असतो, काही ठिकाणी पारदर्शकच बॅग लागते, आणि बॅग नसलेल्यांची वेगळी रांग असेल तर ती भराभर सरकते. बूट जुने, पायात बसलेले. नवीन बूट घालून कोणीही नऊ तास उभं राहू नये.

४. पोचायचं कधी

गेट उघडायच्या वेळेला. अर्ध्या तासाने नाही, त्याच वेळेला. तिकिटाच्या कार्यक्रमात लोक निवांत येतात कारण जागा नक्की असते, फुकटच्यात तसं नसतं, त्यामुळे दुपारनंतर रांग एकदम वाढते आणि वाढतच जाते. लवकर आत गेलात की पहिला अर्धा तास कुठल्याही बँडला देऊ नका. सगळी जागा एकदा फिरून घ्या: स्टेज किती, त्यांच्यात चालायला खरंच किती वेळ लागतो, पाणी कुठे, संडास कुठे (गेटजवळच्यांपेक्षा लांबचे रिकामे असतात), प्रथमोपचाराचा तंबू कुठे, आणि तुम्ही आत आलात त्याशिवाय बाहेर जायचे रस्ते कुठले. हे शेवटचं नीट बघा. काही गडबड झाली की सगळी गर्दी आलेल्या गेटकडेच धावते.

मनगटाला पट्टी बांधतात ती फार सैल ठेवू नका, निसटली किंवा तुटली तर बहुतेक ठिकाणी दुसरी देत नाहीत.

५. उभं कुठे राहायचं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे कोणी सांगत नाही आणि याने दिवस बदलतो.

सगळे पुढे धावतात. पुढे मजा आहेच, वाजवणाऱ्याचे हात दिसतात, घाम दिसतो, पण आवाज पुढे चांगला नसतो. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागे जातो, म्हणून अगदी पुढे तुम्हाला ड्रम आणि गिटारचा ॲम्प (स्टेजवरचा तिचा स्वतःचा स्पीकर) थेट स्टेजवरून धडाधड ऐकू येतो आणि गाणाऱ्याचे शब्द मात्र बुडालेले.

आवाज सगळ्यात चांगला कुठे असतो? मैदानाच्या मधोमध एक कठडा घातलेली जागा दिसेल, वर छत, आत आवाज कमी-जास्त करायचा मोठा मिक्सर आणि एक-दोन माणसं कान देऊन बसलेली. साउंड इंजिनियर तिथे बसून जे ऐकतो त्यावरच सगळ्यांचा आवाज जुळवतो. त्या कठड्याच्या अगदी पुढे किंवा बाजूला उभे राहा. शिवाय तिथे टेकायला मिळतं, आणि मागून कोणी ढकलत नाही. फक्त बासचा, म्हणजे खालच्या पट्टीचा धमधम आवाज मैदानाच्या बरोबर मधल्या रेषेत जास्त साठतो, तो अंगावर येत असेल तर थोडं बाजूला सरका, फरक पडतो.

जितके मागे जाल तितका अजून एक प्रकार जाणवेल. आवाज साधारण २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून १०० मीटर मागे तुम्ही ड्रमवर काठी पडलेली आधी बघता आणि आवाज साधारण ०.३ सेकंदांनी ऐकता. मोठ्या मैदानात मधेच खांबांवर जास्तीचे स्पीकर लावलेले असतात, त्यांना मुद्दाम तेवढा उशीर दिलेला असतो म्हणजे पुढून येणारा आणि खांबावरचा आवाज एकत्र पोचावा. असा खांब दिसला तर त्याच्या थोडं मागे, म्हणजे स्टेजपासून लांबच्या बाजूला, उभं राहायला चांगली जागा असते. आणि म्हणूनच मागचे लोक टाळ्यांचा ठेका धरतात तेव्हा तो स्टेजवर पोचेपर्यंत जाऊन-येऊन ०.६ सेकंद उलटलेले असतात, मध्यम वेगाच्या गाण्यात एक अख्खा ठोका निघून जातो. ड्रमर त्याकडे कान न देता वाजवत राहतो, ते किती अवघड असेल याचा मी नेहमी विचार करते.

अजून एक. फेस्टिवलमध्ये बँडला नीट साउंडचेक, म्हणजे आधी वाजवून आवाज जुळवून बघायला वेळ, मिळत नाही. घाईघाईत प्रत्येक माईक आणि वायर चालू आहे का एवढंच बघतात आणि सुरू. त्यामुळे पहिलं गाणं, कधी दुसरं सुद्धा, इंजिनियर आवाज जुळवतच असतो, गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत नसतो, कीबोर्ड गायब असतो. बरेच लोक या पहिल्या पाच मिनिटांतच "काय खास नाही" म्हणून निघून जातात. प्लीज असं करू नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा आणि मग ठरवा, बँड तोच असतो पण एकदम वेगळा वाटायला लागतो.

६. कान सांभाळा, हे खरंच मनावर घ्या

मी दोन दिवस शिट्टी ऐकत काढलेत म्हणून एवढं कळकळीने लिहितेय. आतल्या कानात ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या माणसात एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

आकडे साधे आहेत. अमेरिकेतली निओश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था सांगते की ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरा, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉक बँडच्या समोर १०० सहज होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जे निकष काढले त्यात सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सांगितलीय आणि सोबत लोकांना इअरप्लग द्यावेत, शांत बसायची जागा असावी असंही म्हटलंय. पण तुम्ही जाताय तिथे हे पाळतात का हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून स्वतःचं स्वतः बघा. दिवसभरात पाच बँड ऐकायचेत म्हटल्यावर हिशोब आपोआप कळतो.

इअरप्लग दोन प्रकारचे. फोमचे स्वस्त, आवाज भरपूर कमी करतात पण वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातात त्यामुळे सगळं घोंगडीतून ऐकल्यासारखं होतं. दुसरे फिल्टरवाले, संगीतासाठीच बनवलेले, ते सगळ्या पट्ट्या बऱ्यापैकी सारख्या कमी करतात, गाणं तसंच राहतं फक्त हळू होतं. वर्षातून दोन-तीनदा जाणार असाल तर फिल्टरवालेच घ्या.

फोमचे घालायची पद्धत: बोटांनी वळून बारीक काडीसारखे करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून ठेवलेले काहीही काम करत नाहीत, आणि बरेच लोक तसेच घालतात. पहिल्या बँडच्या आधी घाला, दुखायला लागल्यावर नाही.

दोन बँडच्या मधे स्टेजपासून लांब जाऊन बसा. स्पीकरच्या शेजारी कधीच उभं राहू नका, जागा रिकामी दिसली तरी. लहान मूल सोबत असेल तर त्याच्यासाठी डोक्यावरून घालायचे कानझाकणे न्या आणि मागेच थांबा.

७. हरवू नका

हजारो लोक एकाच टॉवरवर असले की कॉल लागत नाही, नेट चालत नाही. साधा एसएमएस मात्र बऱ्याचदा जातो, उशिरा का होईना. फोन सतत नेटवर्क शोधत राहिला की बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून सेट चालू असताना एअरप्लेन मोडवर टाका.

भेटायची जागा सकाळीच ठरवा, आणि ती जागा हलणारी नको, सगळ्यांची आवडती पण नको. "स्टेजच्या समोर" ही जागा नाही. एखादं ठळक झाड, एखादा नंबर घातलेला दिव्याचा खांब, असं काहीतरी. आणि जागेसोबत वेळ ठरवा: "कोणी हरवलं तर प्रत्येक तासाच्या ठोक्याला तिथे दहा मिनिटं थांबायचं." एवढं एक वाक्य सगळ्यांनी पाठ केलं की फोन मेला तरी काही बिघडत नाही. एकमेकांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आजकाल कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो.

आणि सगळ्यांनी दिवसभर एकत्रच फिरलं पाहिजे असं काही नाही. ज्याला जो बँड ऐकायचाय तो ऐकू द्या. माझे सगळ्यात चांगले सेट मी एकटीने ऐकलेत.

८. गर्दी, ऊन, वीज

गर्दीत एक साधी परीक्षा: हात वर करून चेहऱ्याला लावता येतोय का? नसेल येत तर निघायची वेळ झालीय, गाणं कितीही आवडतं असलं तरी. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की धोका सुरू होतो, त्याहून दाट झाली की गर्दी पाण्यासारखी लाटेने हलायला लागते आणि तुमचे पाय तुमच्या मर्जीने पडत नाहीत. अशात अडकलात तर लाटेच्या विरुद्ध ढकलू नका, दोन्ही हात छातीसमोर बॉक्सरसारखे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली काही पडलं तर वाकू नका. माणूस पडला तर मात्र आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून लगेच उचलायचं.

उन्हात दर दोन तासांनी सनस्क्रीन परत लावा, तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या आणि मधे काहीतरी खारट खा. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, लडखडायला लागलं तर तो उष्माघात असू शकतो, सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि प्रथमोपचारवाल्यांना लगेच बोलवा.

आभाळ गडगडलं तर स्टेजचे लोखंडी सांगाडे, खांब, एकटी झाडं, तंबू यांच्यापासून लांब व्हा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. कार्यक्रम थांबवला म्हणून आयोजकांवर ओरडणारे लोक बघितलेत मी, पण उंच लोखंडी सांगाड्याखाली विजेच्या वायरी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा.

९. बँडसाठी काय करायचं

तुम्ही पैसे दिले नाहीत पण कोणीतरी कुठेतरी खर्च केलाच आहे. बँडने गाडी भरून सामान आणलंय, सकाळपासून वाट बघितलीय, आणि अर्ध्या तासाचा सेट वाजवून परत सामान भरायचंय. कधी त्यांना बऱ्यापैकी मानधन मिळतं, कधी जेमतेम येण्याजाण्याचा खर्च निघतो.

म्हणून जो बँड आवडला त्याच्याकडून एखादी गोष्ट विकत घ्या. सेट झाल्यावर अर्ध्या तासात ते बहुतेक आपल्या टेबलाशी येतात, टी-शर्ट, सीडी, रेकॉर्ड, स्टिकर काहीही. स्टिकर घेतलात तरी चालेल, पण घ्या. रोख न्यायला सांगितली ती यासाठीच, नेट नसलं की ऑनलाइन पैसे जात नाहीत. आणि त्यांच्याशी बोला. "तुमचं ते तिसरं गाणं फार आवडलं, त्याचं नाव काय?" एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. पण ते सामान उतरवत असताना अडवू नका, पुढच्या बँडसाठी स्टेज रिकामं करायची त्यांना घाई असते.

काहीच घेणं शक्य नसेल तर सेट संपेपर्यंत थांबा. दुपारच्या सेटला पन्नासातले वीस मधेच निघून गेले की स्टेजवरून ते स्पष्ट दिसतं.

फोनवर अख्खं गाणं रेकॉर्ड करत बसू नका. पंधरा सेकंद घ्या, आठवणीपुरते, आणि फोन खिशात टाका. मागच्या माणसाला स्टेज दिसायला पाहिजे, तुमची स्क्रीन नाही.

१०. निघणं आणि दुसरा दिवस

शेवटचा मोठा बँड संपला की सगळे एकाच मिनिटाला निघतात. तुमच्यापुढे दोन रस्ते: शेवटची दोन गाणी सोडून निघा, किंवा संपल्यावर तिथेच पाऊण तास बसा. मी दुसरं करते, गवतावर बसून मोकळं होणारं मैदान बघायचं, पाणी प्यायचं, सोबत आणलेल्या पिशवीत आजूबाजूचा आपला आणि थोडा दुसऱ्यांचा कचरा भरायचा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा, ती चुकली तर बसण्यात काही मजा नाही.

झोपायच्या आधी ऐकलेल्या बँडची नावं लिहून काढा, आणि प्रत्येकासमोर एक ओळ: कुठलं गाणं, कोण काय वाजवत होतं, काय आवडलं. सकाळी निम्मं विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी कानाला सुट्टी द्या, हेडफोन नको. थोडी शिट्टी वाजत असेल तर ती बहुतेक एक-दोन दिवसांत जाते. त्याहून जास्त राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जा, आणि एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं असेल तर थांबूच नका, त्याच दिवशी जा, त्यावरचे उपचार लवकर सुरू केले तरच जास्त उपयोगी पडतात.

मग दोन-तीन दिवसांनी ती यादी काढा आणि त्यातल्या अनोळखी दोघांची अख्खी रेकॉर्ड सुरवातीपासून लावा, जमलं तर त्यांच्याकडून थेट विकत घेऊन. आणि त्यांचा पुढचा शो कधी आहे ते बघा. तो कदाचित एखाद्या छोट्या हॉलमध्ये असेल आणि त्याला तिकीट असेल, ते काढा.